म्हशीच्या डोक्यावरचे कवेलू

आधी तिचं सांगतो, मग माझं. माझ्या घरावरचं छप्पर माझं नाही. ते आमच्या जुन्या घरमालकिणीचं आहे. आणि तिचंही म्हणता येत नाही, कारण तिनं ते स्वतःच्या डोक्यावरून काढलं नव्हतं, म्हशीच्या डोक्यावरून काढलं होतं. तेव्हा उपकार मानायचे तर आधी म्हातारीचे, मग म्हशीचे. म्हातारीचं नाव मी लिहीत नाही. सगळी गल्ली तिला बुढी माय म्हणते, मीही तेच म्हणतो. आपलं नाव कागदावर आलंय असं तिला कोणी वाचून दाखवलं, तर ती मला कानाला धरून परत गोठ्याशेजारच्या खोलीत नेऊन बसवील.

मी मूळचा समुद्राकडचा. राजापूरच्या खालच्या अंगाला आमचं गाव. शाळा चौथीत सुटली. सुटली म्हणजे, गुरुजींनी अपूर्णांक काढले आणि मी मागल्या दारानं जो बाहेर पडलो, तो हिंडत हिंडत इकडे कापसाच्या मुलखात, आर्वीला येऊन थांबलो. मधली वर्षं कोणाच्या कामाची नाहीत. आर्वीत एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, इंजिनाला तेल घालायचं काम मिळालं. गावी मी 'फिटर झालो' असं कळवलं. गावात कोणी इंजिन पाहिलेलं नव्हतं, म्हणून ते खपलं.

पुढे लग्न झालं, बायकोला इकडे आणलं, मुलगी झाली, आणि मुलगी चार वर्षांची असताना बायको तापानं गेली. हे एवढ्या एका वाक्यात संपवतो. त्याची थट्टा करता येत नाही, आणि थट्टा सोडून मला दुसरं काही लिहिता येत नाही.

आमची खोली बुढी मायच्या गोठ्याला लागून होती. मध्ये भिंत नव्हती, बांबूचा तट्टा होता आणि त्याला शेणमातीचा लेप. लेप जिथं उडाला होता तिथून म्हशीचा एक डोळा दिसायचा. मी जेवायला बसलो की तो डोळा माझ्या ताटाकडे बघायचा. मी जिनात गेलो की मुलगी दिवसभर गोठ्यातच असायची. बुढी माय तिला भाकरी खाऊ घालायची, वेणी घालायची, आणि बोलायलाही तिनंच शिकवलं. त्यामुळे माझी मुलगी माझ्याशी बोलायची ती अशी : "बाबा, तू काऊन उशिरा आला? म्हैस कवाची वाट पाहून राह्यली." म्हैस माझी वाट पाहत नव्हती हे मला माहीत होतं. पण ऐकायला बरं वाटायचं.

मुलगी पाच-सहा वर्षांची झाली त्या दिवाळीत माझे मेव्हणे आले. बायकोचे थोरले भाऊ. पुलगावपासून छोट्या रेल्वेगाडीनं डुलत डुलत आले, खांद्यावर नारळांचं पोतं आणि हातात सुपारीची पिशवी. खोलीत पाऊल ठेवलं आणि त्या भोकातून म्हशीनं त्यांच्याकडे पाहिलं. मेव्हणे बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"भावोजी," ते म्हणाले, "ह्यात माझी भाची राहते?"

"तात्पुरती सोय आहे," मी म्हणालो. ती तात्पुरती सोय माझ्या लग्नाआधीपासूनची होती.

"हे बघा. तुमच्याबद्दल तक्रार नाही. पण तुमच्या चेडवाला आईनं बोलावलंय. तिकडे आजी आहे, मामी आहे, स्वतःचं घर आहे. इकडे काय आहे? बाई नाही, घर नाही. शेजारी गवताची घरं आणि गावभर कापूस उडतोय. एक ठिणगी पडली तर?"

माझ्या अंगात एक वाईट खोड आहे. भीती वाटली की मी फुशारकी मारतो. मी म्हणालो, "घर बांधतोच आहे. पक्कं. कौलारू."

मेव्हणे सज्जन माणूस. ते म्हणाले, "मग ठीक. शिमगा आटपला की येतो. घर उभं असलं तर चेडू तुमच्याकडे. नसलं तर मी घेऊन जाईन, आणि तुम्ही आडवं येऊ नका."

मी मान हलवली. ते गेले. केळझरच्या गणपतीला बोललो की घर झालं तर पायी येईन. गणपती एवढ्या गर्दीत कुठं माझं ऐकणार, म्हणून गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्यालाही बोललो. दोघांना एकमेकांबद्दल सांगितलं नाही.

जागा मात्र पटकन मिळाली. गावाच्या कडेला, शेताला लागून, आणि इतकी स्वस्त की मला वाटलं देवांनी मनावर घेतलं. साठवलेले पैसे होते, जिनाच्या शेटजींनी पगारातून कापून घ्यायच्या बोलीवर थोडे दिले, त्यातून जागा, दगड आणि छपराची लाकडं झाली. भिंती मातीच्या घालायच्या, त्या सुट्टीच्या दिवशी मीच घालीन, आणि उरलेल्यात कवेलू, असा माझा हिशेब. कवेलू म्हणजे इकडच्या कुंभारांची अर्धगोल कौलं. जागा एवढी स्वस्त का, हे विचारायचं मला सुचलं नाही. विचारलं असतं तर कोणीही सांगितलं असतं.

पायापूजनाला भटजी आले. म्हणाले, "जोडीनं बसा."

मी म्हणालो, "जोडी नाही."

"मग कमरेला सुपारी खोचा. बायकोच्या जागी सुपारी चालते."

मेव्हण्यांनी आणलेल्या पिशवीतली एक मोठी सुपारी मी धोतराच्या कमरेला खोचली आणि पाटावर बसलो. बुढी माय पुढ्यातच उकिडवी बसली होती. भटजींचे मंत्र चालू असताना ती मोठ्यानं म्हणाली, "कोकन्या, सुनबाई गोरी हाये मा. जपजो तिले. माह्या अडकित्त्याच्या नजरेस पडली तं नांदनार नाई."

बायका खो खो हसल्या. मी हसलो, आणि हसताना सुपारी निसटून पूजेसाठी खणलेल्या खड्ड्यात पडली. भटजी म्हणाले, "असू द्या, घरातच राहिली." ती अजून तिथंच आहे.

दुसऱ्या दिवसापासून खोदाई. आता इथं माझं शहाणपण सांगतो. आमच्याकडे, म्हणजे समुद्राकडे, जमीन खणणं म्हणजे शिक्षा. हातभर खाली कातळ. पहार मारली की ठण्ण वाजते आणि दात हलतात. त्यामुळे आमच्याकडे पाया गुडघाभर झाला की माणसं नारळ फोडतात. इथं पहार अशी आत गेली, जसं शिऱ्यात बोट जावं. काळी, मऊ, लोण्यासारखी माती. मला इतका आनंद झाला! सकाळी सुरू केलेली खोदाई दुपारी संपली. गुडघाभर. खोदायला लावलेली दोन माणसं एकमेकांकडे बघत होती, पण कोकण्याला काही सांगावं असं त्यांना वाटलं नाही. मला वाटलं, मजुरी लवकर संपली म्हणून हिरमुसले असतील.

मी दगडाचा पहिला थर लावला आणि बुढी मायला बघायला बोलावलं. ती मुलीचं बोट धरून आली. खड्ड्यात वाकून पाहिलं.

"हे का होय?"

"पाया."

"कायचा? तुळशीवृंदावनाचा?"

"घराचा, माय. आमच्याकडे एवढाच खणतात."

"तुमच्या कोकनात खडक हाये बापा. अथी काळी हाये. पान्यात फुगते, उन्हात फाटते. उन्हाळ्यात या जमिनीले भेगा पडतेत, मांजराचं पिल्लू पडलं तं सापडत नाई." मग तिनं दोन्ही हात पसरले. "दोन पावसाळ्यांत तुही भीत तिकडं जाईन अन् दार इकडं येईन. पोट्टीले कोन्या बाजूले ठेवशीन, तेवढं आत्ताच ठरव."

"मग किती खणायचं?"

"मुरूम लागेपर्यंत. हे सांगाले का बुढी लागते? अथलं शेंबडं पोट्टं सांगते." मग ती त्या दोन माणसांकडे वळली. "अन् तुमी रे? मजा पाहून राह्यले?"

त्यातला एक म्हणाला, "त्यायनं इचारलं नाई, माय."

दगड काढले. खोदाई पुन्हा सुरू झाली. माणसं कंबरेपर्यंत आत गेली, मग छातीपर्यंत. मग नुसते फेटे दिसायला लागले. शेवटी फेटेही दिसेनात, खालून फक्त बोलणं ऐकू यायचं. रस्त्यानं जाणारे बैलबंड्या थांबवून विचारायचे, "पानी लागलं का?" आधी मी समजावून सांगत होतो की विहीर नाही, घर आहे. पुढे पुढे "अजून नाई" म्हणून मोकळा व्हायचो. माझी मुलगी काठावर बसून आत बघायची.

"बाबा, आपलं घर खालतं हाये का?"

"पाया आहे तो. घर वर येईल."

"कवा?"

ह्या प्रश्नाचं उत्तर त्या खड्ड्यातच होतं. मुरूम लागला. पिवळा, कडक, पहार वाजवणारा. ठण्ण ऐकून मला गावची आठवण झाली आणि डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, आनंदानं रडतोय. खरं म्हणजे मुरुमापासून जमिनीपर्यंत तो खड्डा दगडांनी भरून काढायचा होता, आणि माझ्याकडचे दगड कोपराही भरला नाही तोवर संपले. जे जे वर लागायचं होतं ते ते खाली गेलं. कवेलूंचे पैसे गेले. दाराचे गेले. शेवटी पाया जमिनीच्या वर आला तेव्हा आर्वीत त्याच्याइतका भक्कम पाया कोणाच्या घराचा नसेल. फक्त त्याच्यावर घर नव्हतं.

भिंती मी घातल्या. सुट्टीला आणि रोज उजाडताना, जिनाचा भोंगा होईपर्यंत. चिखल तुडवायला मुलगी यायची. मला ओळंबा धरता येत नसे, पण त्या पायावर वाकडी भिंतही सरळ उभी राहायची. भिंती झाल्या, लाकडं चढली, बांबूच्या कमच्या बांधल्या. आणि होळीच्या गोवऱ्या गावात दिसायला लागल्या. माझ्या घरावर आकाश होतं. गवत घालता आलं असतं, पण मी शब्द दिला होता तो कौलारू घराचा. शेटजींकडे पुन्हा गेलो. त्यांनी मागचीच आठवण करून दिली. कुंभाराकडे गेलो. तो म्हणाला, "उधारीत माती पन येत नाई भाऊ."

मी परतलो तो थेट गोठ्यात. बुढी माय धार काढत होती.

"माय, मुलीला मामाबरोबर पाठवतो. तिकडे स्वतःचं घर आहे. इकडे माझ्याच्यानं होत नाही. वर्षभरात छप्पर घालीन, मग आणीन."

धारेचा आवाज थांबला नाही.

"पोट्टीले इचारलं?"

"लहान आहे."

"म्हशीले इचारलं?"

मी म्हशीकडे पाहिलं.

"जाय," ती म्हणाली. "तुह्या इंजिनाले तेल घाल. डोक्शात नको घालू, तथी आधीच लय झालं."

दुसऱ्या दिवशी जिनातून परतलो तर गल्लीत बंडी उभी. म्हातारीचा गडी गोठ्यावर चढलेला, वरून एकेक कवेलू काढून खाली देतोय आणि बुढी माय पदर खोचून ते बंडीत गवताच्या थरांवर रचतेय. माझी मुलगी मोठ्या तोऱ्यात हुकूम सोडत होती, "हळू! फुटन नं!" गोठा अर्धा उघडा पडला होता. म्हैस मध्ये उभी राहून वर बघत होती. तिनं आजपर्यंत डोक्यावर धुरकट कवेलू पाहिले होते. आता एकदम एवढं मोठं आभाळ! रवंथ करायचं विसरली होती बिचारी.

"माय, हे काय? म्हैस?"

"म्हशीले कोनता मामा न्याले येऊन राह्यला? तिच्यावर तुरीच्या तुराट्या टाकतो, वरतून पळसाचे पानं. तिले काई म्हनणं नाई. तुले हाये का?"

मला होतं. खूप होतं. पण बंडी भरली, तसा मी तिच्या मागून चालायला लागलो.

कवेलू आतल्या खोलीला पुरले, ओसरीला पुरले नाहीत. ओसरीवर आम्हीही पळसाची पानं घातली. म्हैस आणि मी त्या वर्षी एका पातळीवर आलो.

शिमगा झाला आणि मेव्हणे आले. त्यांनी घराभोवती चक्कर मारली. भिंतीला थाप मारली, चौथऱ्यावर टाच आपटली. "पाया बरा दिसतो," म्हणाले. मी खोकलो. मग आत आले, वर पाहिलं आणि दोनदा नाक ओढलं.

"भावोजी, घर नवं ना?"

"नवं म्हणजे अगदीच नवं."

"मग वास जुना कसला?"

ते कवेलू वर्षानुवर्षं गोठ्यातली धुरी खाऊन खालून काळे झाले होते. डास पळावेत म्हणून म्हातारी रोज गोवरीचा धूर करायची. धूर, दूध, शेण, सगळं त्या कवेलूंत मुरलं होतं. मी म्हणालो, "इकडच्या मातीलाच तसा वास असतो."

मुलगी म्हणाली, "खोटं! म्हशीचे कवेलू होय ते, मामा. चाल, दाखवतो तुले."

आणि ती त्यांना हाताला धरून घेऊन गेली. मी मागून गेलो नाही. थोडा वेळ दारात उभा राहिलो, मग गेलो, पण गल्लीच्या कोपऱ्यावर थांबलो, जिथून ऐकू येईल आणि मी दिसणार नाही. माझ्या आयुष्यातल्या मोठ्या गोष्टी मी अशाच कोपऱ्यावरून पाहिल्यात.

मेव्हणे तुराट्यांच्या गोठ्यासमोर उभे होते. "म्हशीचं छप्पर काढून ह्यानं घर केलं?"

"त्यानं कायचं केलं," बुढी माय म्हणाली. "म्या केलं. त्यानं खड्डा केला."

"आजी, तुमचे उपकार आहेत. पण मुलीची जात. घरात बाईमाणूस नको का?"

"मंग मी कोन होय? बैल?"

मेव्हण्यांना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. "तसं नव्हे. पण भावोजी दिवसभर जिनात असतात..."

"अन् पोट्टी दिवसभर माह्यापाशी असते. आतापर्यंत कोनापाशी होती? ऐका बापा. कवेलू म्या पोट्टीसाठी देल्ले. त्या येड्यासाठी नाई देल्ले. तुमी पोट्टी नेता? न्या. मामा होय तुमी, हक हाये तुमचा. पन मी बंडी बोलावतो अन् सगळे कवेलू वापस आनतो. मंग तो येडा बसन आभाळाखाली, अन् तुमच्या बहिनीचं घर अर्धं राहीन. तुमीच सांगा, का करू?"

'तुमच्या बहिनीचं घर'. हे मला सुचलं नव्हतं. कोपऱ्यावर उभ्या उभ्या मला कमरेला, सुपारी खोचली होती तिथं, हात लावून बघावंसं वाटलं.

मेव्हणे खाली बसले आणि मुलीला समोर घेतलं. "काय गो, येतेस मामाकडे? समुद्र आहे, आंबे आहेत."

मुलीनं विचार केला. आंब्यांवर जरा जास्तच केला.

"मले नाई येनं, मामा. म्हशीले कोन पाहीन?"

माझं नाव त्यात नव्हतं. आजही कोणी विचारलं तर मी सांगतो, मुलगी बापासाठी राहिली. पण खरं हे असं आहे.

मेव्हणे मग चार दिवस राहिले. अंगरखा काढून घरावर चढले आणि मी लावलेले कवेलू अर्ध्याहून जास्त काढून पुन्हा लावले. "भावोजी, कोकणात जन्मून तुम्हाला छप्पर शाकारता येत नाही?" वरून विचारत होते. मी खालून एकेक कवेलू देत होतो आणि "फिटरचं काम वेगळं," असं काहीतरी बोलत होतो. जाताना सगळी सुपारी त्यांनी बुढी मायच्या ओटीत ओतली. गाडी सुटायच्या आधी मला म्हणाले, "म्हातारीचं छप्पर तेवढं परत करा हो. नाहीतर तिकडे तोंड दाखवू नका."

परत करायला मी निघालो नव्हतो असं नाही. दोन वर्षांनी कुंभाराकडून बंडीभर कवेलू आणले. रोखीनं. बंडी माझ्याच दारात उभी होती, सकाळी गोठ्याकडे न्यायची. तेवढ्यात वांदरांची टोळी आली, आणि माझ्या छपरावर असा काही नाच झाला की आतून आभाळ दिसायला लागलं. मी म्हातारीकडे गेलो, तर ती म्हणाली, "आधी पोट्टीच्या डोक्शावर टाक. म्हशीले सवय झाली." टाकले. पुढल्या वर्षी मुलीला शाळेत घातलं. त्याच्या पुढल्या वर्षी जिनाचा हंगाम लवकर आटपला. दर वर्षी काहीतरी असतं, आणि दर वर्षी बुढी माय गोठ्यावर नव्या तुराट्या घालते आणि म्हणते, "औंदा राहू दे."

केळझरला पायी जाऊन आलो. गिरडलाही चादर चढवून आलो. देवांचं फिटलं. म्हशीचं राहिलंय. पहिली म्हैस आता नाही, तिची पारडी तिथं उभी असते, आणि मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकून आधी तिच्याकडे जाते. मी गोठ्यात गेलो की ती पारडी माझ्याकडे तिच्या आईसारखीच बघते, ताट हातात नसलं तरी.

बुढी माय, तुला हे कोणी वाचून दाखवणार नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो. एक दिवस बंडी माझ्या दाराशी थांबणार नाही, सरळ तुझ्या गोठ्याशी येईल. तुराट्या मी माझ्या हातानं काढीन. कवेलू मी माझ्या हातानं चढवीन, आणि मेव्हण्यांना बोलावून तपासून घेईन, कारण माझ्या हाताचा तुला भरवसा नाही आणि मलाही नाही. मग पारडीला खाली उभी करून वरून घागरभर पाणी ओतू, आणि एक थेंब जरी तिच्या पाठीवर पडला, तर मी पुन्हा चढेन.